पॉइंट ब्याण्णव

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचा मूळ अंदाजित खर्च होता ९०४.९२ कोटी रुपये. त्यातले नऊशे चार कोटी तूर्त बाजूला ठेवू. तेवढे काय, कुणीही काढेल. आपलं सगळं लक्ष पुढच्या पॉइंट ब्याण्णववर. म्हणजे ब्याण्णव लाख. नव्वद नाहीत, पंच्याण्णव नाहीत. किती माती हलवायची, किती पूल बांधायचे, कुणाची किती एकर जमीन घ्यायची, बालाघाटाच्या चढणीला डोंगर कुठे कापायचा आणि भराव कुठे टाकायचा, हा सगळा हिशेब करत करत कुणीतरी थेट शेवटच्या लाखापर्यंत जाऊन पोचलं आणि मगच पेन खाली ठेवलं. हजारांत शिरले नाहीत, हा त्यांचा विनय. २०२५ साली हाच खर्च सुधारून ३,२९५.७४ कोटी झाला. मार्गाची लांबी तेवढीच राहिली, ८४.४४ किलोमीटर, तेव्हा टेपात काही खोट नव्हती. किलोमीटरला पावणेअकरा कोटींच्या आत बसणारं काम एकोणचाळीस कोटींवर गेलं, इतकंच. फरक २,३९०.८२ कोटींचा. आणि गंमत पाहा, नव्या आकड्यालाही पॉइंट चौऱ्याहत्तर आहेच. साडेतीन पटींहून जास्त चुकलेल्या माणसानं दुसऱ्यांदा तोंड उघडताना निदान जरा चाचरावं, 'तेहतीसशेच्या आसपास जाईल बघा' असं म्हणावं, ही अपेक्षा ज्यांना आहे त्यांचा सरकारी कागदाशी परिचय नाही.

टिंबानंतरच्या या दोन आकड्यांचा महिमा समजून घेतला पाहिजे. कुणी 'नऊशे कोटी' म्हणालं की चावडीवरचा म्हाताराही विचारतो, कशावरून? 'नऊशे चार पॉइंट ब्याण्णव' म्हटलं की तोच म्हातारा मान डोलावतो. एवढं बारीक सांगतोय म्हणजे रात्र रात्र बसून बेरीज केली असणार. मोघम आकड्याला पुरावा द्यावा लागतो, टिंबवाला आकडा स्वतःच पुरावा होऊन बसतो. पुढे हे टिंब वाटण्यांतही उतरतं: निम्मा खर्च राज्याचा, म्हणून राज्याचा वाटा ४५२.४६ कोटी, खर्च सुधारल्यावर तोच १,६४७.८७ कोटी. भागाकार चोख आहे. दोनानं भागण्यात आजवर कुणी चुकलेलं नाही, आणि आपल्या नियोजनातला सगळ्यात खात्रीचा भाग तोच. पाण्याचंही तेच. कृष्णा खोऱ्यातून मराठवाड्याच्या हक्काचं पाणी किती, तर २३.६६ टीएमसी. पॉइंट सहासष्टसुद्धा कुणी सोडलेलं नाही! फक्त उजनीतून प्रत्यक्ष पाणी उचलायच्या पहिल्या टप्प्याची गोष्ट निघाली की आकडा सातवर येतो. तिथे टिंब नाही, त्यापुढचे दोन आकडे नाहीत आणि सोळा टीएमसीही नाहीत. कबूल करताना दोन दशांश स्थळं आणि देताना पूर्णांक, हे गणित धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतल्या पोरांना शाळेत कुणी शिकवत नसेल, पण त्यांच्या बापांना ते तोंडपाठ आहे.

अशा या जिल्ह्याला हल्ली सांगण्यात येतं की दीर्घकालीन नियोजनासाठी आपण आंतरराष्ट्रीय अनुभवातून शिकलं पाहिजे. सांगणारे तुम्हाला माहीत आहेत. पहिल्या स्लाइडवर फुजी पर्वतासमोरून जाणारी पांढरी गाडी, दुसऱ्या स्लाइडवर हॉलंडचा दरवाजा, तिसऱ्यावर आल्प्सचा बोगदा, चौथ्यावर '२०४७', पाचव्यावर चहा. शिकायला कुणाची ना नाही. परदेशी माणसानं आपल्या पायाभूत सुविधांवर शेरा मारण्याची परंपरा इथे चांगली जुनी आहे. आज ज्याला आपण तेर म्हणतो त्या तगराबद्दल पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे फार मोठं नगर आहे आणि तिथला माल गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोच बंदरापर्यंत आणतात. बाहेरच्या तज्ज्ञाचा हा आपल्याकडचा पहिला अहवाल. त्याला जेमतेम दोन हजार वर्षं होत आहेत, कार्यवाही सुरू आहे. आणि नळदुर्गला जाऊन बोरी नदीवरचा बांध पाहा, १६१३ सालचा. पाणी त्याच्या अंगावरून नर-मादी धबधबे होऊन कोसळतं, पोटातल्या पाणीमहालात उभा माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षं झाली. त्याचा मूळ अंदाजित खर्च उपलब्ध नाही, म्हणून तो आदर्श प्रकल्पांच्या यादीत येत नाही.

असो. स्लाइडवरच्या देशांकडे वळू. माझा आक्षेप असा की स्लाइडवर काँक्रीट दाखवतात आणि कागद झाकून ठेवतात. हॉलंडचा दरवाजा दाखवतात. १९५३ च्या पुरात तिथे अठराशेवर माणसं मेली, त्यानंतर समुद्र अडवायची जी कामं सुरू झाली ती १९९७ पर्यंत चालली. चव्वेचाळीस वर्षांत किती सरकारं आली-गेली, काम चालू राहिलं. मधल्या काळात आराखडा जसाच्या तसा ठेवला असंही नाही. एक मोठी खाडी भिंत घालून कायमची बंद करायची ठरली होती. मच्छीमार आणि पर्यावरणवाले उभे राहिले, तेव्हा सत्तरच्या दशकात भिंतीऐवजी उघडझाप करणारे दरवाजे बसवायचं ठरलं. खर्च वाढला, वेळ वाढला. पण का वाढला आणि कुणाच्या मागणीवरून, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज तिथे पूरनियंत्रणासाठी कायद्यानं बांधलेला वेगळा निधी आहे, पुढच्या कैक वर्षांचे पैसे आधीच मांडून ठेवलेले असतात आणि त्या कामासाठी नेमलेला अधिकारी दर वर्षी जो आराखडा मांडतो तो अर्थसंकल्पाबरोबर संसदेपुढे ठेवला जातो. आता परंडा आणि भूमकडे पाहा. टँकरच्या खेपा मोजण्यात हयात गेलेले हे तालुके. २०२५ च्या सप्टेंबरात तिथे घरांच्या छतांवरून हेलिकॉप्टरनं माणसं उचलावी लागली. दुष्काळाची फाइल एका कपाटात आणि पुराची दुसऱ्यात, अशी व्यवस्था असेल तर दोन्ही कपाटांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, ते सीनाकाठच्या कुणालाही विचारा. स्वित्झर्लंडचं म्हणाल तर ५७ किलोमीटरचा गोट्टहार्ड बोगदा २०१६ साली सुरू झाला, पण त्याची खरी गोष्ट १९९२ आणि १९९८ ची. त्या दोन वर्षी लोकांना मतपेटीतून विचारलं गेलं: पहिल्यांदा हे हवंय का, दुसऱ्यांदा याचे पैसे असे उभे करायचे का. अवजड ट्रकांवर कर लावून बोगदा खोदायला लोकांनी होकार दिला. बोगद्याचा फोटो पाहायला व्हिसा लागत नाही. 'पैसे कुठून येणार' हा प्रश्न आधी विचारायलाही लागत नाही.

पण मला या सगळ्यांत जास्त आवडतो तो नॉर्वे. तो स्लाइडवर कधी नसतो, कारण त्याच्याकडे दाखवायला फोटो नाही, फक्त नियम आहे. २००० सालापासून तिथे ठरावीक रकमेच्या वरचा कुठलाही सरकारी प्रकल्प संसदेपुढे जाण्याआधी बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसांकडून तपासून घ्यावा लागतो. २००५ पासून त्याच्याही आधीची एक पायरी जोडली: हे काम मुळात याच स्वरूपात हवं का, की दुसरा काही मार्ग आहे. आणि खर्च सांगायचा तो एका आकड्यात नाही. शंभरांतल्या पन्नास शक्यतांत पुरेल अशी एक रक्कम, पंच्याऐंशी शक्यतांत पुरेल अशी दुसरी. मंजुरी बहुधा मोठ्या रकमेला मिळते, काम करणाऱ्या खात्याच्या हाती मात्र लहान रक्कम देतात. मधला पैसा वापरायचा तर वर जाऊन कारण सांगावं लागतं. हे ऐकून आपले तज्ज्ञ म्हणतील, किती प्रगत, किती शास्त्रीय, आपल्याकडे अजून पन्नास वर्षं जमणार नाही. त्यांनी जरा गावाबाहेर जाऊन बोअरच्या गाडीवाल्याशी बोलावं. तो काय सांगतो? पहिल्या तीनशे फुटांना अमुक भाव, त्याच्या खाली गेलं की फुटामागे वाढत जाणार; माती ढासळणारी निघाली तर केसिंग जास्त, त्याचे पैसे वेगळे; पाचशेला लागलं तर इतके होतील, आठशेपर्यंत जावं लागलं तर तितके; आणि पाणी लागेलच याची हमी आपली नाही. मग शेतकरी बांधावर बसून ठरवतो की आठशेपर्यंतची ऐपत आहे का, नसेल तर पाचशेला थांबायचं. म्हणजे लहान रक्कम, मोठी रक्कम, जोखमीचं कलम आणि थांबायची जागा, सगळं तोंडी, दहा मिनिटांत. या जिल्ह्यातला एकही बोअरवाला आजवर 'दोन लाख चौदा हजार तीनशे सात रुपये पॉइंट ब्याण्णव' म्हणालेला नाही. म्हणाला असता तर शेतकऱ्यानं त्याला गाडीसकट परत पाठवलं असतं, कारण जमिनीच्या पोटातलं इतकं नेमकं सांगणारा माणूस एक तर देव असतो नाही तर लबाड, आणि देव बोअरची गाडी चालवत नाही. ही अक्कल जमीन ओलांडून कचेरीच्या पायरीवर आली की कुठे जाते? तिथे डोंगराच्या पोटातला खडक, पाच वर्षांनंतरचा पोलादाचा भाव, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे खटले, हे सगळं एका टिंबात बसवलं जातं आणि त्याखाली सही होते. सही कुणाची, ते खर्च सुधारण्याच्या वेळी सापडत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो पोकळ नाही. परदेशांचं कौतुक पुरे, तिथेही बोऱ्या वाजतोच की. वाजतो. बर्लिनचा विमानतळ २०११ साली उघडायचा होता, तो २०२० साली उघडला. इंग्लंडात लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या वेगवान रेल्वेचा मँचेस्टरकडचा फाटा २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. तेव्हा गोऱ्या कातडीच्या माणसाचा अंदाज चुकत नाही, असं कुणी म्हणत नाही. फरक चुकल्यानंतरचा आहे. बर्लिनमध्ये तिथल्या विधिमंडळानं चौकश्या लावल्या, आगीच्या धुराची यंत्रणा कशी फसली हे सामान्य माणसाला पाठ झालं. इंग्लंडात खर्च का फुगला यावर इतकं छापून आलं की त्या कागदाचा भराव घालून फाटा पूर्ण झाला असता. आपल्याकडे खर्च साडेतीन पटींवर गेला की बातमी येते 'सुधारित खर्चास मान्यता', आणि खाली फटाके. मान्यता मिळाली हा आनंद खरा आहे, तो मी नाकारत नाही. रेल्वे हवी आहे. पण तीनशे रुपयांचं बिल हजार-अकराशेवर गेलं म्हणून पेढे वाटणारं गिऱ्हाईक जगात आणखी कुठे असेल, याचाही एखादा आंतरराष्ट्रीय अभ्यास व्हायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, तो खाजगीत ऐकू येतो. खरा आकडा पहिल्या दिवशी सांगितला असता तर हा मार्ग मंजूरच झाला नसता. तेहतीसशे कोटी म्हटल्यावर फाइल तिथेच बंद झाली असती. म्हणून लहान आकडा दाखवायचा, एकदा पहिली कुदळ पडली की मागे फिरणं अवघड होतं. आणि हे म्हणणारे जपानचा दाखला देतात, तोही खोटा नाही. १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेल्या त्या नामांकित गाडीचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता, आणि सुरुवातीला तो कमी दाखवला गेला होता हे पुढे उघड झालं. बाहेरचं कर्ज घेऊन तिथेही सरकारला मागे फिरता येणार नाही अशी तजवीज करून ठेवली होती. म्हणजे जगातली पहिली बुलेट ट्रेनही पॉइंट ब्याण्णववरच धावली म्हणायची. फक्त त्या गोष्टीचं शेवटचं पान आपल्याकडे कुणी वाचत नाही. खर्च फुगल्यावर १९६३ मध्ये रेल्वेच्या प्रमुखानं पद सोडलं, मुख्य अभियंताही गेला. गाडी सुटली त्या सोहळ्यात दोघेही नव्हते. लबाडी केली आणि तिची किंमत स्वतः भरली. आपल्याला त्यातली लबाडी तेवढी आयात करायची आहे.

आणि मुळात मराठवाड्याला ही लबाडी करावीच का लागते? हा प्रश्न कुणीच का विचारत नाही? नव्या मार्गासाठी परतावा दाखवा म्हणतात. परतावा प्रवाशांवर ठरतो. प्रवासी का नाहीत, तर रेल्वे नाही. रेल्वे का नाही, तर प्रवासी नाहीत. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत निघालेली ती माणसांची रीघ कोणत्या रकान्यात मोजली? नवरात्रात कर्नाटकातून, तेलंगणातून जीप-ट्रकांत दाटीवाटीनं येणारी कुटुंबं कोणत्या रकान्यात? ज्या भागात आधीच चार मार्ग आहेत तिथला पाचवा मार्ग कागदावर फायद्याचा ठरतो, जिथे एकही नाही तिथला पहिला तोट्याचा. मग इथल्या माणसानं काय करावं? आकडा खाली ओढावा, टिंब लावावं आणि हात जोडावेत. हक्काची वस्तू मिळवण्यासाठी ज्याला खोटं बोलावं लागतं, त्याला पुढे कायम खोटारडा म्हणता येतं, ही यातली खरी सोय आहे. 'तुमच्या भागातले प्रकल्प फार रेंगाळतात बुवा.' रेंगाळणारच! नऊशे कोटींचा म्हणून मंजूर केलेला प्रकल्प दर वर्षी नऊशे कोटींच्या हिशेबानं पैसे मागतो, त्याला लागतात तेहतीसशे कोटींच्या हिशेबानं. दरम्यान ज्याच्या वावरात मोजणीचे दगड रोवले गेले तो ना नवी विहीर खोदू शकत, ना बाग लावू शकत, ना जमीन विकू शकत. त्याच्या थांबलेल्या वर्षांची किंमत ९०४.९२ मध्ये नव्हती आणि ३,२९५.७४ मध्येही नाही. आणि फायद्याचा अंदाज तरी कुठे बरोबर येतो? बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी धाराशिव शहर टाळून येडशीवरून जायची. २००७-०८ मध्ये ती ब्रॉडगेज झाली, शहराला स्टेशन मिळालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी धावली, पाच लाख लिटर घेऊन, ती याच रुळांवरून, तहानलेल्या धाराशिवच्या स्टेशनातून पुढे. गेज बदलाच्या परताव्यात 'एका शहराची तहान' असा रकाना कुणी मांडला होता का? मांडला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं, टिंबानंतर काय लिहायचं म्हणून.

राहिला तो नेहमीचा सुस्कारा: आपल्याला हे जमणार नाही, आपली माणसंच तशी. याला उत्तर द्यायला रॉटरडॅमला जायची गरज नाही, लोहाऱ्याजवळच्या सास्तूरला गेलं तरी चालेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली, दुरुस्त झालेली घरं तर कितीतरी जास्त. परदेशी कर्ज होतं, पण त्याबरोबर वेगळा बांधलेला पैसा होता, ठरलेली मुदत होती आणि कोण उत्तरदायी हे स्पष्ट होतं. कामं करणारी माणसं याच मातीतली, याच कचेऱ्यांतली. सगळं छान झालं असं नाही. चौकटी आखलेली, ऐसपैस पसरलेली गावं झाली, जुन्या वाड्या-गल्ल्यांची शेजारपाजाराची वीण तुटली, रस्ते-गटारं सांभाळायला ग्रामपंचायतींच्या नाकी नऊ आले, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. पण ती झाली, कारण तपासायला काहीतरी पूर्ण झालेलं होतं. पुढे २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा गुजरातनं आपल्या या अनुभवाचा अभ्यास केला, गावं हलवण्यापेक्षा लोकांच्या हाती पैसे देऊन त्यांनाच घरं बांधू देण्यावर भर दिला. म्हणजे या जिल्ह्याकडून दुसरे शिकले. आपण मात्र अजून स्लाइड पाहतोय.

तेव्हा वाचकहो, चर्चासत्राचं निमंत्रण आलं तर चहा जरूर घ्या. पण त्याआधी एक साधा कागद घ्या, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही रखडलेल्या कामाबद्दल, रस्ता, पूल, तलाव, उपसा योजना, काहीही, जन माहिती अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचारा. मूळ अंदाजपत्रक कोणत्या वर्षाच्या दरसूचीवर केलं होतं. प्रत्येक वेळी खर्च सुधारला तेव्हा वाढीचं कारण म्हणून काय लिहिलं. आणि पहिल्या अंदाजपत्रकाखाली कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची सही आहे. माहिती शब्दांत मागू नका, कागदांच्या प्रती मागा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. नाही आलं तर पहिलं अपील करा, त्यातूनही नाही मिळालं तर दुसरं. वकील लागत नाही.